पतनोंद पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क : अमेरिकेतील पतअहवालविषयक कायद्यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

मराठीत 'पत' हा शब्द अब्रू आणि उधारी मिळण्याची पात्रता अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो. बाजारात ज्याची पत आहे त्याला माल उधार मिळतो. ज्याची पत गेली त्याचे समाजातील स्थानही डळमळते. ही पत जोवर गावातील दुकानदाराच्या स्मरणात आणि सावकाराच्या खतावणीत नांदत होती, तोवर ती कोणी ठरवली आणि कशावरून ठरवली हे ऋणकोला निदान ठाऊक तरी असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत ही पत प्रथमच गावाबाहेर पडली. ती दूरच्या शहरातील एका कार्यालयातील वहीत लिहिली जाऊ लागली आणि वर्गणी भरणाऱ्या व्यापाऱ्यांना विकली जाऊ लागली. ज्याच्याविषयी लिहिले जाई, त्याने ती वही पाहावी ही कल्पनाच या व्यवस्थेत नव्हती.

ही स्थिती कायद्याने बदलण्यास १९७० साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या 'फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट' या कायद्याने सामान्य ग्राहकाला आपल्या पतनोंदीचा आशय जाणून घेण्याचा आणि चुकीच्या नोंदीस हरकत घेण्याचा अधिकार दिला. पुढे १९९६ मध्ये 'क्रेडिट रिपेअर ऑर्गनायझेशन्स ॲक्ट' हा दुसरा कायदा झाला. पैसे घेऊन पत सुधारून देण्याचे आश्वासन देणाऱ्या व्यवसायाला त्याने वेसण घातली. हे दोन कायदे वरवर पाहता भिन्न विषयांचे वाटतात. परंतु दुसऱ्याची गरज पहिल्याच्या अपुरेपणातून निर्माण झाली. ग्राहकाला हक्क मिळाला, पण तो बजावण्याची वाट अरुंद व लांबची ठेवली गेली. आणि त्या वाटेवर मध्यस्थाने आपले दुकान थाटले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

टॅपन यांच्या वह्या

न्यूयॉर्कमधील रेशमाचे व्यापारी आर्थर व लुईस टॅपन हे बंधू गुलामगिरीविरोधी चळवळीतील अग्रणी म्हणून इतिहासाला अधिक परिचित आहेत. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात त्यांची पेढी बुडाली. दूरदूरच्या गावांतील दुकानदारांना दिलेली उधारी वसूल होईना, आणि त्यांपैकी कोण खरोखर अडचणीत आहे व कोण टाळाटाळ करीत आहे हे कळण्यास मार्ग नव्हता. या अनुभवातून लुईस टॅपन यांनी १८४१ मध्ये 'मर्कंटाइल एजन्सी' स्थापन केली. गावोगावचे वार्ताहर, त्यांत बहुसंख्य वकील, आपल्या भागातील व्यापाऱ्यांविषयी माहिती पाठवीत आणि मोबदल्यात त्यांना वसुलीची कामे मिळत. न्यूयॉर्कच्या कार्यालयात कारकून ही माहिती मोठमोठ्या वह्यांत उतरवून घेत. वर्गणीदार व्यापारी येई, विचारणा करी आणि कारकून त्याला नोंद वाचून दाखवी. अशा वार्ताहरांमध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले अब्राहम लिंकन हेही एक होते.

या वह्यांत केवळ भांडवलाचे आणि देण्याघेण्याचे आकडे नसत. व्यापाऱ्याचे वय, वैवाहिक स्थिती, सासरची मालमत्ता, मद्यपान, स्वभाव, चर्चमधील वागणूक असे सारे त्यांत येई. लुईस टॅपन हे कर्मठ धार्मिक वृत्तीचे होते. त्यांच्या दृष्टीने चारित्र्य आणि परतफेडीची शक्यता या वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. १८५९ मध्ये ही संस्था रॉबर्ट डन यांच्या हाती गेली आणि १९३३ मध्ये ब्रॅडस्ट्रीट या प्रतिस्पर्धी पेढीत तिचे विलीनीकरण होऊन 'डन अँड ब्रॅडस्ट्रीट' अस्तित्वात आली. जुन्या वह्यांचे अडीच हजारांहून अधिक खंड आज हार्वर्ड विद्यापीठाच्या बेकर ग्रंथालयात आहेत. ज्या व्यापाऱ्यांना हयातीत आपली नोंद दिसली नाही, तिच्यावर आज संशोधक प्रबंध लिहितात, हा इतिहासाचा एक विचित्र न्याय म्हटला पाहिजे.

या गुप्ततेला पहिले मोठे आव्हान ओहायो राज्यातील नॉरवॉक येथील बिअर्ड्सली बंधूंनी दिले. त्यांच्या पेढीविषयी व एकाच्या कौटुंबिक कलहाविषयी एजन्सीने दिलेल्या माहितीमुळे व्यापाऱ्यांनी त्यांना उधारी नाकारली, अशी त्यांची तक्रार होती. खटल्यात वार्ताहराचे नाव सांगण्यास एजन्सीच्या एका भागीदाराने नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास पत्करला. १८५१ मध्ये ज्यूरीने दहा हजार डॉलरची भरपाई मंजूर केली. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १८७० मध्ये पुराव्याच्या मुद्द्यावर तो निर्णय रद्द ठरविला. व्यापारी बंधूंना हाती काही लागले नाही.

या आणि अशा खटल्यांतून एक तत्त्व दृढ होत गेले. हितसंबंध असलेल्या वर्गणीदाराला विश्वासाने दिलेली माहिती सद्भावनेने दिलेली असेल, तर ती चुकीची असली तरी बदनामीच्या दाव्यास पात्र ठरत नाही, असा मर्यादित विशेषाधिकार बहुतेक अमेरिकी न्यायालयांनी पतसंस्थांना बहाल केला. (येथे 'पतसंस्था' हा शब्द सहकारी पतपेढीच्या अर्थाने नसून पतमाहिती गोळा करून विकणाऱ्या संस्थेसाठी वापरला आहे.) या विशेषाधिकाराची अट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. माहिती जितकी मर्यादित वर्तुळात राहील तितके संरक्षण भक्कम. ती बाहेर फुटली की संरक्षण गेले. म्हणजेच वही बंद ठेवण्यामागे केवळ धंद्याचा स्वार्थ नव्हता. ती बंद ठेवण्याचे कारण न्यायव्यवस्थेनेच संस्थांना पुरविले होते.

किरकोळ उधारी आणि शेजाऱ्यांच्या साक्षी

टॅपन यांचा विषय होता व्यापारी. विसाव्या शतकात पाळी आली ती घरगुती ग्राहकाची. केटर व गाय वुलफोर्ड या बंधूंनी १८९९ मध्ये अटलांटा येथे 'रिटेल क्रेडिट कंपनी' सुरू केली. किराणा दुकानदारांसाठी शहरातील गिऱ्हाइकांची यादी आणि त्यांच्या परतफेडीचे शेरे असे या कामाचे प्रारंभीचे स्वरूप होते. पुढे विमा कंपन्यांसाठी अर्जदारांची चौकशी करणे हा तिचा प्रमुख व्यवसाय बनला. शिवणयंत्र, पियानो, मोटार अशा वस्तू हप्त्याने घेण्याची पद्धत रुळली, डिपार्टमेंट स्टोअरांनी उधारखाती उघडली, १९५० मध्ये डायनर्स क्लबचे आणि १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाचे कार्ड आले. या प्रत्येक टप्प्यावर 'हा माणूस कोण' हे विचारणारे वाढत गेले. १९६० च्या दशकात अमेरिकेत लहानमोठे दोन हजारांहून अधिक स्थानिक पतमाहिती ब्यूरो होते. वृत्तपत्रांतील अटक, घटस्फोट व दिवाळखोरीच्या बातम्यांची कात्रणेही ते जपून ठेवीत.

विम्यासाठी होणाऱ्या चौकशीची पद्धत अधिक गंभीर होती. चौकशी करणारा कर्मचारी शेजाऱ्यांची दारे ठोठावी. अर्जदार मद्यपान करतो काय, घर नीटनेटके आहे काय, त्याच्याकडे कोण येते-जाते, असे प्रश्न तो विचारी आणि दिवसभरात अनेक अहवाल पूर्ण करी. ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष पडताळणी यांतील अंतर अशा घाईत टिकणे शक्य नव्हते.

संगणकाच्या आगमनाने या प्रश्नाला नवी धार आली. फेडरल सरकारच्या माहितीचे एकच राष्ट्रीय केंद्र स्थापन करण्याच्या प्रस्तावावरून १९६६ मध्ये काँग्रेसमध्ये वादळ उठले, आणि प्रतिनिधिगृहातील कॉर्नेलियस गॅलाघर यांच्या उपसमितीने पुढे आपले लक्ष खाजगी पतमाहिती ब्यूरोंकडे वळविले. कोलंबिया विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक ॲलन वेस्टिन यांनी १९६७ मध्ये खाजगीपणावरील आपला गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. १९६८ च्या सुनावणीत त्यांनी या व्यवसायावर कठोर टीका केली. सरकारने माहिती गोळा करावी की नाही यावर इतका गदारोळ होत असताना तीच माहिती खाजगी कपाटांत आधीच भरून ठेवलेली होती, ही विसंगती या सुनावण्यांतून जनतेसमोर आली.

१९७० चा कायदा : देणे आणि राखून ठेवणे

विस्कॉन्सिनचे सिनेटर विल्यम प्रॉक्समायर यांनी १९६९ च्या प्रारंभी सिनेटमध्ये विधेयक मांडले. कर्जाचा खरा व्याजदर ग्राहकाला सांगणे बंधनकारक करणाऱ्या १९६८ च्या कायद्यामागेही त्यांचाच पाठपुरावा होता. प्रतिनिधिगृहात मिसूरीच्या लिओनोर सलिव्हन यांनी ग्राहकाच्या बाजूने अधिक कडक तरतुदींचा आग्रह धरला. अखेर हा कायदा स्वतंत्रपणे संमत न होता बँकांच्या नोंदींविषयीच्या एका मोठ्या विधेयकाचा भाग म्हणून संमत झाला आणि २६ ऑक्टोबर १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. एकाच कायद्याच्या एका भागाने बँकांना ग्राहकांच्या व्यवहारांच्या नोंदी सरकारसाठी जपून ठेवण्यास भाग पाडले, तर दुसऱ्या भागाने ग्राहकाला त्याच्या पतनोंदीत डोकावण्याची मुभा दिली. अंमलबजावणी एप्रिल १९७१ पासून सुरू झाली.

कायद्याने दिलेले हक्क त्या काळाच्या मानाने मोठे होते. पतअहवालाच्या आधारे कर्ज, विमा किंवा नोकरी नाकारली गेल्यास तो अहवाल कोणत्या संस्थेने दिला हे ग्राहकाला सांगणे आवश्यक ठरले. संस्थेने आपल्याकडील माहितीचे स्वरूप व सारांश ग्राहकाला सांगावा, त्याने हरकत घेतल्यास वाजवी मुदतीत फेरतपासणी करावी आणि चुकीची ठरलेली अथवा पडताळता न येणारी नोंद वगळावी, अशा तरतुदी होत्या. वादाचे निराकरण न झाल्यास शंभर शब्दांपर्यंतचे आपले निवेदन अहवालास जोडण्याचा अधिकार ग्राहकाला मिळाला. जुन्या प्रतिकूल नोंदींना सात वर्षांची आणि दिवाळखोरीला चौदा वर्षांची मर्यादा घालण्यात आली. १९७८ च्या दिवाळखोरी कायद्याने ही दुसरी मर्यादा दहा वर्षांवर आणली. माणसाच्या चुकीला कालमर्यादा असावी, हे तत्त्व यात प्रथमच संघीय पातळीवर आले.

परंतु कायद्याने जे राखून ठेवले तेही तितकेच बोलके आहे. ग्राहकाला अहवालाची प्रत मिळत नव्हती. कर्मचारी सांगेल ते ऐकून घ्यावयाचे होते. टॅपन यांच्या कारकुनाप्रमाणेच येथेही वही वाचून दाखविली जाणार होती, फरक इतकाच की आता ऐकणाऱ्यांत ऋणकोलाही जागा मिळाली. वैद्यकीय माहिती यातून वगळलेली होती. चौकशी-अहवालातील माहिती कोणी दिली हे सांगण्याचे बंधन संस्थेवर नव्हते. कर्ज नाकारले गेले नसेल तर ही माहिती विनामूल्य नव्हती. 'वाजवी मुदत' म्हणजे किती दिवस, हे कायद्याने सांगितले नाही. मूळ माहिती पुरविणारी बँक किंवा दुकान यांवर तर कसलीच जबाबदारी नव्हती. शिवाय संस्थेने कायद्यानुसार ग्राहकाला जे उघड केले त्याच्या आधारे, दुष्ट हेतू सिद्ध झाल्याशिवाय, बदनामीचा दावा करता येणार नाही, असे अभय संस्थांना देण्यात आले. वही उघडण्याची ही किंमत होती. न्यायालयांनी दिलेला मर्यादित विशेषाधिकार अशा रीतीने संसदीय कायद्यात स्थिरावला.

हा हक्क प्रत्यक्षात कसा बजावला जात होता, याचे सर्वांत बोलके उदाहरण 'मिलस्टोन विरुद्ध ओ'हॅन्लन रिपोर्ट्स' या खटल्यात सापडते. वादी हा सेंट लुईस येथील एका प्रतिष्ठित वृत्तपत्राचा ज्येष्ठ संपादक होता. १९७१ मध्ये वॉशिंग्टनहून सेंट लुईसला बदलून आल्यावर त्याने मोटारीचा विमा घेतला. थोड्याच दिवसांत अहवालाच्या आधारे विमा रद्द होण्याची वेळ आली. तो संस्थेच्या कार्यालयात गेला, तेव्हा त्याला थांबण्यास सांगण्यात आले. नंतर त्याला जे वाचून दाखविले गेले त्यात तो 'हिप्पी' पद्धतीचा असून अमली पदार्थांच्या सेवनाचा संशय आहे, शेजाऱ्यांना तो नकोसा झाला होता, अशा अर्थाच्या नोंदी होत्या. त्याने एकेक बाब खोडून काढली. तरीही संपूर्ण मजकूर त्याला एकदम कधीच सांगितला गेला नाही. प्रत्येक खेपेस थोडा अधिक भाग बाहेर येई, आणि पूर्ण अहवाल समोर आला तो खटला चालू झाल्यावर. चौकशी करणाऱ्याने वॉशिंग्टनमधील चार शेजाऱ्यांशी संपर्क साधला होता. प्रतिकूल माहिती मुख्यतः एकाच्याच तोंडची होती, आणि साऱ्या कामावर फार तर अर्धा तास खर्च झाला होता. १९७६ मध्ये आठव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने अडीच हजार डॉलर प्रत्यक्ष नुकसानभरपाई आणि पंचवीस हजार डॉलर दंडात्मक भरपाई कायम केली. भरपाईचा आधार आर्थिक तोटा नव्हता, तर झालेला मनस्ताप हा होता. पत ही अब्रूही आहे, हे येथे अमेरिकी न्यायालयाने मान्य केले असे म्हणावयास हरकत नाही.

हा निकाल ग्राहकाच्या बाजूचा असला तरी त्यातून निघणारा निष्कर्ष फारसा आश्वासक नाही. लेखन हाच ज्याचा व्यवसाय, वकील ज्याला परवडतो आणि खेटे घालण्याइतका वेळ ज्याच्यापाशी आहे, अशा माणसाला न्याय मिळाला. गिरणीतील कामगाराने किंवा एकट्या राहणाऱ्या परिचारिकेने याच मार्गाने जावे अशी अपेक्षा कायद्याने कागदावर केली; व्यवहारात ती पुरी होणे कठीण होते.

हक्काची विक्री

१९८० च्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून 'क्रेडिट क्लिनिक' म्हणविणाऱ्या व्यवसायांच्या जाहिराती झळकू लागल्या. वाईट पत धुऊन काढू, दिवाळखोरीची नोंद पुसून टाकू, अशी आश्वासने देऊन ते काहीशे डॉलर आगाऊ घेत. त्यांची कार्यपद्धती समजून घेतल्याशिवाय पुढील कायद्याचा अर्थ लागत नाही.

१९७० च्या कायद्यानुसार पडताळता न येणारी नोंद वगळणे संस्थेला भाग होते. क्लिनिक याच तरतुदीचा आधार घेई. ग्राहकाच्या अहवालातील प्रत्येक प्रतिकूल नोंदीवर, ती खरी असो वा खोटी, हरकतीची पत्रे पाठविली जात; एकदा नाही, तर पुनःपुन्हा. कर्ज देणाऱ्याने वेळेत उत्तर दिले नाही की नोंद पडे. काही आठवड्यांनी त्याच बँकेने पुन्हा माहिती पाठविली की ती नोंद परत उमटे, परंतु तोवर शुल्क वसूल झालेले असे. याहून धोकादायक युक्ती म्हणजे ग्राहकाला व्यवसायांसाठीचा करओळख क्रमांक काढून देऊन तोच सामाजिक सुरक्षा क्रमांकाऐवजी वापरण्यास सांगणे. नवी पत म्हणून विकली जाणारी ही गोष्ट प्रत्यक्षात ग्राहकालाच गुन्ह्याच्या दारात नेऊन उभी करी. दुसरीकडे पतसंस्थांनी या पत्रांच्या लोंढ्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. क्षुल्लक हरकतींची दखल न घेण्याची मुभा कायद्यात होतीच. क्लिनिककडून आल्याचा संशय येताच पत्र बाजूला टाकले जाऊ लागले, आणि खऱ्या चुकीसाठी लिहिणाऱ्याचे पत्रही त्यात सापडण्याचा धोका निर्माण झाला.

या व्यवसायाला फसवणूक म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, आणि पुष्कळ प्रमाणात ते योग्यही आहे. परंतु गिऱ्हाईक त्याच्याकडे का जात होते याचे उत्तर नुसत्या भोळेपणात सापडत नाही. पतअहवाल खरोखरच चुकत होते. १९९१ मध्ये व्हरमाँट राज्यातील नॉर्विच या लहानशा गावात जे घडले ते याचे प्रसिद्ध उदाहरण होय. टीआरडब्ल्यू या मोठ्या पतसंस्थेसाठी माहिती गोळा करणाऱ्या व्यक्तीने गावातील कर भरलेल्यांची यादी थकबाकीदारांची यादी समजून उतरवून घेतली, आणि सुमारे चौदाशे रहिवासी एका फटक्यात करबुडवे ठरले. एकट्यादुकट्या माणसाची तक्रार फाईलमध्ये पडून राहिली असती. येथे सारे गावच तक्रारदार असल्याने चूक उघड झाली. त्याच वर्षी फेडरल ट्रेड कमिशनने आणि अनेक राज्यांनी टीआरडब्ल्यूविरुद्ध कारवाई केली व तडजोडीने संस्थेवर सुधारणेच्या अटी घातल्या. संस्थेचा हा विभाग १९९६ मध्ये विकला गेला आणि 'एक्स्पेरियन' या नावाने पुढे आला. रिटेल क्रेडिट कंपनीनेही १९७० च्या दशकातच 'इक्विफॅक्स' हे नाव धारण केले होते.

राज्यांनी आधी पावले उचलली. कॅलिफोर्नियाचा पतसेवाविषयक कायदा १९८४ चा आहे. संघीय पातळीवर मात्र ३० सप्टेंबर १९९६ रोजी एकाच मोठ्या विनियोजन कायद्याचे भाग म्हणून दोन गोष्टी एकदम संमत झाल्या. १९७० च्या कायद्यात व्यापक सुधारणा झाली : फेरतपासणीस साधारणतः तीस दिवसांची मुदत ठरली, सारांशाऐवजी संपूर्ण माहिती ग्राहकापुढे ठेवणे बंधनकारक झाले आणि माहिती पुरविणाऱ्या बँकांवरही प्रथमच जबाबदारी आली. त्याचबरोबर पत-दुरुस्ती व्यवसायाचा स्वतंत्र कायदा झाला. दोहोंचे हे एकत्र येणे केवळ संसदीय सोयीचे नव्हते. मूळ हक्क दुबळा असेपर्यंत मध्यस्थाला आळा घालून भागणार नव्हते, आणि मध्यस्थाला मोकळे सोडून मूळ हक्क सुधारण्यातही अर्थ नव्हता.

दुसऱ्या कायद्याची भाषा साधी व थेट आहे. काम पूर्ण होण्यापूर्वी शुल्क घेता येणार नाही. करार लेखी असला पाहिजे आणि तीन कामकाजी दिवसांत तो विनादंड रद्द करता आला पाहिजे. करार करण्यापूर्वी ग्राहकाच्या हाती एक स्वतंत्र निवेदन द्यावे लागते. चुकीच्या नोंदीस तो स्वतः थेट हरकत घेऊ शकतो आणि अचूक, मुदतीतील व पडताळता येणारी नोंद काढून टाकण्याचा अधिकार त्याला किंवा कोणत्याही दुरुस्ती संस्थेला नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. आपण जे विकत आहोत ते गिऱ्हाइकाचेच आहे, असे विक्रेत्याने आधी कागदावर लिहून द्यावे, ही तरतूद ग्राहक कायद्यांच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

कायद्याच्या कुंपणात फटीही राहिल्या. करमुक्त नफारहित संस्था त्यातून वगळल्या होत्या. साहजिकच काही व्यवसायांनी तोच पेहराव चढविला. केवळ करमुक्तीचा दाखला पुरेसा नाही, संस्था प्रत्यक्षात नफारहित रीतीने चालली पाहिजे, असे पहिल्या सर्किटच्या न्यायालयाने २००५ मध्ये केंब्रिज क्रेडिट कौन्सेलिंगच्या खटल्यात स्पष्ट केले. २०१२ मध्ये 'कॉम्प्युक्रेडिट विरुद्ध ग्रीनवुड' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निराळाच प्रश्न सोडविला. ग्राहकाला दावा करण्याचा हक्क आहे, असे कायद्यातील सक्तीचे निवेदन सांगत असले तरी करारातील लवादाचे कलम त्याला न्यायालयाबाहेर ठेवू शकते, असा निर्णय झाला. सामान्य वाचक ते निवेदन ज्या अर्थाने वाचेल त्या अर्थाच्या बाजूने न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग एकट्याच उभ्या राहिल्या.

दरम्यान ४ डिसेंबर २००३ रोजी झालेल्या सुधारणेने प्रत्येक ग्राहकाला तिन्ही देशव्यापी पतसंस्थांकडून वर्षातून एकदा अहवाल विनामूल्य मिळण्याची सोय केली. तोवर ही सोय केवळ सात राज्यांच्या कायद्यांत होती, आणि नॉर्विचचे व्हरमाँट त्यांपैकी एक होते. अहवाल हाती येऊ लागल्यावर चुकांचे मोजमापही शक्य झाले. फेडरल ट्रेड कमिशनने १,००१ ग्राहकांचे अहवाल तपासून २०१२ च्या अखेरीस केलेल्या अभ्यासात, पाचांतील एका ग्राहकाच्या निदान एका अहवालात अशी चूक आढळली की जी हरकतीनंतर दुरुस्त करावी लागली. सुमारे पाच टक्के ग्राहकांच्या बाबतीत ती कर्ज महाग पडण्याइतकी गंभीर होती.

आणि मध्यस्थ? तोही टिकून राहिला. लेक्सिंग्टन लॉ या नावाने चालणाऱ्या देशातील सर्वांत मोठ्या पत-दुरुस्ती व्यवसायाविरुद्ध ग्राहक वित्तीय संरक्षण विभागाने २०१९ मध्ये दावा दाखल केला. दूरध्वनीवरून विकल्या जाणाऱ्या अशा सेवेचे शुल्क, परिणाम दिसल्याचा सहा महिन्यांनंतरचा अहवाल दाखविल्याशिवाय घेता येत नाही, या नियमाचा भंग हा त्यातील मुख्य मुद्दा होता. २०२३ मध्ये तडजोडीने २.७ अब्ज डॉलरचा हुकूमनामा झाला, पण कंपन्या तोवर दिवाळखोरीत गेल्या होत्या. डिसेंबर २०२४ मध्ये विभागाने आपल्या राखीव निधीतून सुमारे ४३ लाख ग्राहकांना १.८ अब्ज डॉलर परत करण्याची घोषणा केली. एवढ्या लोकांनी जे विकत घेतले त्याचा गाभा टपालाच्या तिकिटाच्या खर्चात मिळणारा हक्क होता.

भारतीय संदर्भ

ऋणकोला आपल्या नावावरील नोंद पाहता यावी, ही मागणी महाराष्ट्राला अपरिचित नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या रोख्यांवर व वह्यांवर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकरी ऋणकोला भरलेल्या पैशाची लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि मागितल्यास पासबुक मिळण्याचा हक्क दिला. टॅपन यांच्या वारसांच्या वह्या ग्राहकासाठी बंद असण्याच्या काळातच दख्खनमधील शेतकऱ्यासाठी सावकाराची वही कायद्याने किलकिली झाली होती. अर्थात ती एका सावकाराची वही होती. अनेक धनकोंची माहिती एकत्र करून विकणाऱ्या संस्थेचा प्रश्न तेव्हा येथे नव्हता.

तो प्रश्न सव्वाशे वर्षांनी आला. मुंबईत २००० मध्ये क्रेडिट इन्फर्मेशन ब्यूरो, म्हणजेच सिबिल, स्थापन झाले. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा संमत झाला आणि डिसेंबर २००६ मध्ये तो अमलात आला. अमेरिकेतील पस्तीस वर्षांच्या अनुभवाचा लाभ या कायद्याला मिळाला, हे त्याच्या रचनेवरून दिसते. अहवालाची प्रत मागण्याचा व दुरुस्तीसाठी तीस दिवसांच्या मुदतीचा हक्क त्यात आरंभापासून आहे, आणि दुरुस्तीची जबाबदारी पतमाहिती कंपनीबरोबर कर्ज देणाऱ्या संस्थेवरही आहे. जानेवारी २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळू लागला, २०२२ मध्ये या कंपन्या लोकपाल योजनेखाली आल्या, आणि २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने तीस दिवसांत तक्रार न सुटल्यास दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद केली, जी एप्रिल २०२४ पासून लागू झाली. अमेरिकी कायद्यावर स्वाक्षरी झाली तीही २६ ऑक्टोबरलाच, हा निव्वळ योगायोग. विलंबाची किंमत दिवसागणिक ठरवून ती आपोआप देय करण्याची ही कल्पना मूळ अमेरिकी कायद्यात नाही. तेथे ग्राहकाला भरपाईसाठी दाव्याचाच मार्ग धरावा लागतो.

पत-दुरुस्ती सेवांच्या बाबतीत मात्र चित्र उलट आहे. सिबिल गुण वाढवून देण्याच्या, 'सेटल्ड' शेरा काढून देण्याच्या जाहिराती भारतीय शहरांतूनही सर्रास दिसतात, आणि त्यांना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व अनुचित करार यांविषयीच्या सर्वसाधारण तरतुदी लागू पडतात. आगाऊ शुल्कास मनाई, तीन दिवसांत करार रद्द करण्याची मुभा आणि 'हे काम तुम्ही स्वतः करू शकता' असे सांगणारे सक्तीचे निवेदन, या १९९६ च्या तीन तरतुदींपैकी एकही भारतीय कायद्यात या सेवांसाठी म्हणून स्वतंत्रपणे आलेली नाही.